कुलूप आतून की बाहेरून

गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेल्या विधातेवहिनी मागे फिरल्या की आम्ही कुणी कारण विचारत नसू. त्या कुलूप ओढून बघायला परतलेल्या असत. फाटकाचं कुलूप एकदा ओढायचं, दोन पावलं जायचं, पुन्हा येऊन ओढायचं आणि शेवटी माझ्या ओट्याशी थांबून विचारायचं, "नलूताई, लागलं असंल ना हो? काय व्हनार तर नाय ना?" मी म्हणायची, "काही होत नाही, जा तुम्ही." एवढं ऐकलं की त्या जात. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जायचं असो की कुणाच्या लग्नाला, हा कार्यक्रम चुकत नसे.

"काय व्हनार तर नाय ना?" हे त्यांचं पालुपद. दिव्याचं बटण दाबायच्या आधी त्या पायात रबरी चपला घालत. फोन वाजला की छातीवर हात ठेवून तो थोडा वेळ तसाच वाजू देत, कारण एवढ्या घाईनं आलेली बातमी चांगली नसणार. पाल, वीज, पाण्याच्या टाकीचं झाकण, डॉक्टरांचं नुसतं "हं" म्हणणं, या सगळ्याला त्या घाबरत. सगळ्यांत जास्त घाबरत खाकी कपड्याला. आमचा पोस्टमन बिचारा हसतमुख माणूस, पण त्यालासुद्धा त्या पाकीट फाटकावरच ठेवायला सांगत. भित्र्या शेजाऱ्याचा एक फायदा असतो, आपण फुकटात धीट ठरतो. गल्लीत मी धीट म्हणून ओळखली जाई ती त्यांच्यामुळेच.

आमची गल्ली मखमलाबाद रस्त्यावरून आत वळल्यावर लागते. बारा रो-हाऊसेस, समोरासमोर. ती सगळी जमीन एकेकाळी विधात्यांचीच, तिथं त्यांचा झेंडू आणि शेवंती असे. प्लॉट पडले, एक घर त्यांनी स्वतःला ठेवलं आणि उरलेला मळा आणखी पुढं होता, तिथं विधातेभाऊ दिवसभर असत. पहाटे फुलबाजार, मग मळा, संध्याकाळी घरी. बोलणं कमीच. वहिनींचं माहेर लासलगावचं. वडील कांद्याच्या मार्केटात तोलाईला होते. शाळा सातवीपर्यंत झाली होती, पण आपण शिकलो नाही याचं दुःख त्यांनी कधी केलं नाही. घाबरण्यातून वेळ मिळत नसावा.

आम्ही सगळे पैसे मोजून घरं घेतलेली माणसं, पण वहिनींच्या मनात आम्ही त्यांच्या शेतात राहायला आलेले पाहुणे होतो. पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं. आणि इथं त्यांची दुसरी भीती सुरू होई, ती पाल आणि विजेहून मोठी होती. कुणी आपल्यावर नाराज होईल याची त्यांना फार धास्ती. कुणी शिडी मागितली, इस्त्री मागितली, लग्नासाठी घराची गच्ची मागितली की त्यांच्या तोंडून "नाय" निघतच नसे. मिक्सर जळून परत आला तर त्याच उलट माफी मागत.

नदीम त्यांच्याकडे वरच्या खोलीत राहायला आला तोही असाच. तो मालेगावचा, इथल्या कॉलेजात औषधनिर्माणशास्त्र शिकायला आलेला. आई त्याच्याबरोबर खोली शोधत फिरत होती. चार ठिकाणी नाव सांगितल्यावर खोली नुकतीच गेलेली निघाली होती, आणि पाचव्या दारात त्या बाईनं खोलीचं न विचारता आधी पाणीच मागितलं. वहिनींनी पाणी दिलं, मग चहा दिला, मग बुरखा मागे टाकून बसलेल्या त्या दमलेल्या बाईला पंखा लावून दिला. इतकं झाल्यावर नाही कसं म्हणायचं, ही पंचाईत. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "नलूताई, मी हो म्हनून बसले. लोक बोलतील का हो?"

लोक बोलले. गल्लीतल्या खैरनारबाई तर तोंडावर म्हणाल्या, "वहिनी, दिवस कसे आहेत बघताय ना." दिवस तसेच होते. दर थोड्या महिन्यांनी कुठल्या तरी शहराचं नाव बातम्यांत यायचं, मागे धूर आणि पळणारी माणसं दिसायची, आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये लोक शेजारच्याची पिशवी निरखून बघायचे. वहिनी घाबरल्या. पण नदीमला आता जा म्हणायचं याला त्या जास्त घाबरत होत्या, म्हणून तो राहिला. मुलगा सालस होता. रोज सकाळी जिना झाडायचा, वहिनींची गोळ्यांची पाकिटं वाचून कुठली जेवणाआधी आणि कुठली नंतर ते सांगायचा. त्याचं मराठी अर्धं हिंदीतून येई. "काकी, ये गोळी उपाशीपोटी नका घेऊ, चक्कर येते." वहिनींची भीती त्याच्यापुरती हळूहळू उतरली, आणि मग त्याच्यासाठी चढली. त्याला यायला उशीर झाला की त्या फाटकाशी उभ्या असत.

वहिनींचा मुलगा सचिन पुण्याला नोकरीला. एका दिवाळीला त्यानं घरी कॉम्प्युटर बसवला, टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घेतलं आणि त्याला एक पांढरी पेटी जोडली. दोन शिंगं असलेली ती पेटी बिनतारी इंटरनेट घरभर पसरवते, असं त्यानं सांगितलं. हॉलमधला कॉम्प्युटर वायरनं जोडलेला होता, पेटी खरी वरच्या मजल्यासाठी आणि सचिनच्या लॅपटॉपसाठी. घरभर म्हणजे नक्की कुठपर्यंत, हा वहिनींचा पहिला प्रश्न. सचिन म्हणाला, "अर्ध्या गल्लीपर्यंत जाईल." तेव्हा त्यांनी त्या पेटीपासून हात लांबच ठेवला. "भिंतीतून जातं म्हंजे अंगातून बी जात असंल," म्हणत त्यांनी तिच्यावर क्रोशाचा रुमाल घातला.

सचिननं तेव्हा पासवर्ड टाकला नव्हता. तो काळच तसा होता, फारसं कुणी टाकत नसे. सहा महिन्यांत गल्लीतल्या पोरांना शोध लागला की विधातेकाकूंचं नेट फुकट मिळतं. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होते त्यांनी ते पकडायचं यंत्र आणून मागे लावलं. आमच्याकडे कॉम्प्युटरच नव्हता, त्यामुळे त्या लाभात मी नव्हते. वहिनींना कळलं तेव्हा त्या खूशच झाल्या. आपल्या घरातलं काहीतरी सगळ्यांना पोचतंय आणि कुणी नाराज नाही, याहून त्यांना काय हवं होतं?

मग पेपरात बातमी आली. कुठल्याशा शहरात कुणाच्या तरी उघड्या वायरलेसवरून भलत्याच माणसानं धमकीचा मेल धाडला आणि पोलीस मालकाच्या दारात गेले. पोलिसांचं आवाहनही होतं, पासवर्ड टाका. बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

रविवारी सकाळी सचिनला फोन लावला. तो पुण्याहून सांगणार, मी पडद्यावरचं इंग्रजी वाचणार आणि माऊस वहिनींच्या हातात, कारण घर त्यांचं होतं. त्यांनी रबरी चपला घातल्या. आधी वरच्या पट्टीत आकडे टाकायचे, मग पेटीचं पान उघडतं, मग वायरलेस, मग सिक्युरिटी. तिथं दोन-तीन नावांतून एक निवडायचं होतं. मी वाचलं, "डब्ल्यूईपी." सचिन तिकडून म्हणाला, "ते नको मावशी, ते कोणीही फोडतं. खालचं डब्ल्यूपीए-टू घ्या." आता पासवर्ड. किमान आठ अक्षरं, वहिनींच्या लक्षात राहतील अशी. वहिनींना इंग्रजीत एकच शब्द न चुकता लिहिता येई. लहानपणी स्टेशनच्या फलाटावर रोज बघितलेला, पिवळ्या पाटीवरचा. एका बोटानं एकेक अक्षर शोधून त्यांनी लासलगाव लिहिलं.

"आई, हे कोणीही ओळखेल," सचिन म्हणाला.

"मग माझ्या ध्यानात राहनारं दुसरं काय हाय?"

तो हसला आणि असू दे म्हणाला. बटण दाबून झाल्यावर वहिनींनी फोन माझ्याकडून घेतला आणि हळूच विचारलं, "सचिन, हे कुलूप आतून लागतं का भायेरून?"

तो इतका हसला की मला फोनमधून ऐकू आलं. मीही हसले. दाराला कडी आतून लावली तर घरात माणूस असतो आणि बाहेरून कुलूप लावलं तर घर रिकामं असतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं आणि त्याच हिशोबानं त्या विचारत होत्या. पुढं त्यांनी ते सगळं टप्प्याटप्प्यानं पाठ केलं. आपल्याला एकटीला करता आलं पाहिजे, न जाणो, म्हणून दर सोमवारी त्या ते पान उघडून बघत आणि काही न बदलता बंद करत. फाटकाचं कुलूप ओढून बघण्यातलाच तो प्रकार होता.

कुलूप लागलं आणि गल्ली रुसली. पोरं येऊन "काकू, नेट येत नाही" म्हणून गेली. खैरनारबाई एकदा भाजीवाल्यासमोर म्हणाल्या, "आता वहिनींच्या घरातल्या हवेलासुद्धा कुलूप." त्या हसत म्हणाल्या होत्या, पण वहिनींना दोन दिवस जेवण गेलं नाही. पोलिसांची भीती एका बाजूला, गल्लीच्या नाराजीची दुसऱ्या बाजूला. मधे त्या.

संक्रांत आली. वहिनींचं हळदीकुंकू मोठं असे, गच्चीवर मांडव घालून, मळ्यातल्या शेवंतीचा गजरा प्रत्येकीला. त्या वर्षी वाण म्हणून प्लास्टिकच्या छोट्या परड्या होत्या. मी रांगेत होते. वहिनींनी मला हळद लावली, कुंकू लावलं, परडी ओटीत घातली आणि वाकून कानात म्हणाल्या, "लासलगाव. सगळं बारक्या एबीसीडीत. कुनाला सांगू नका."

मला तो आधीच ठाऊक होता, तरी वाटलं, मला धीट समजून विश्वासानं पुन्हा सांगितलं. मग बघितलं तर माझ्या पुढच्या बाईच्याही कानात तेच, मागच्या बाईच्याही. खैरनारबाईंना तर स्पेलिंग दोनदा सांगितलं. वाण लुटतात तसं त्यांनी ते कुलूप लुटून टाकलं. मी नंतर ओरडले त्यांच्यावर. "अहो, मग पासवर्ड टाकलाच कशाला?"

"टाकलाय की," त्या म्हणाल्या. "पोलिसांनी विचारलं तर हाय म्हनून सांगता यील. आन् वाण दिलं म्हंजे कुनी नाराज बी नाय." त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी स्वस्थता होती. मला हसूही येत होतं आणि काळजीही वाटत होती.

एप्रिलमध्ये शहरातल्या एका शाळेला मेल गेला की वर्गात बॉम्ब ठेवलाय. परीक्षा सुरू होती. पोरं रस्त्यावर काढली, कुत्री आणली, काही सापडलं नाही. आम्ही पेपरात वाचलं आणि आपल्याकडेही हे लोण आलं म्हणून हळहळलो. पुढच्या शनिवारी माझं ऑफिस अर्ध्या दिवसाचं होतं. जेवून मी वहिनींकडे कुरडयांचा चीक ढवळायला गेले होते, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली.

तिघं होते. एक खाकीतला, एक साध्या कपड्यातला वयस्क साहेब आणि एक चष्मेवाला तरुण, त्याच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग. टेलिफोनचं कनेक्शन कोणाच्या नावावर, साहेबांनी विचारलं. वहिनींच्या हातातली चिकाची पळी तशीच होती, चीक फरशीवर टपटपत होता. मीच सांगितलं की विधातेभाऊंच्या नावावर आहे आणि ते मळ्यात आहेत. साहेब म्हणाले, शाळेला गेलेला मेल या घरातल्या लाइनीवरून गेलाय.

वहिनी म्हणाल्या, "काय व्हनार तर नाय ना?" सवयीनंच निघालं ते. मी फक्त त्यांच्या हातातली पळी काढून घेतली.

चष्मेवाल्यानं कॉम्प्युटरवर बसून पेटीचं पान बघितलं. "पासवर्ड आहे सर, डब्ल्यूपीए-टू. चांगला लावलाय."

"म्हणजे बाहेरच्याला मिळणार नाही."

"अवघड आहे."

"घरात कोण कोण राहतं, बाई?"

मग वरून नदीमला खाली आणलं. साहेबांनी नाव विचारलं, गाव विचारलं. गाव ऐकल्यावर खाकीतला दाराशी जाऊन उभा राहिला. एवढंच केलं त्यानं, पण खोलीतली हवा बदलली. नदीमचा लॅपटॉप टीपॉयवर आला. तो स्टुलावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. "सर, मैने कुछ नहीं किया. माझा पेपर होता त्या दिवशी," तो म्हणाला. साहेब म्हणाले, "बघू ना. चल आमच्याबरोबर, तिथं सावकाश बोलू."

ते सावकाश म्हणजे काय ते आम्हांला माहीत नव्हतं आणि माहीत नसल्यानंच ते भयंकर वाटत होतं. गेलेली मुलं परत कधी येतात, कशी येतात, आल्यावर कॉलेज त्यांना घेतं का, हे सगळं पेपरात मधूनमधून आलेलं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला एकदम कळलं. दाराला कडी आतून लागलेली होती, म्हणून माणूस आतलाच धरला जात होता.

"साहेब," त्या म्हणाल्या, "किल्ली सगळ्यांकडं हाय. मी वाटली. संक्रांतीला."

साहेबांना काही कळेना. मी समजावून सांगितलं, कानातलं, परडीचं, सगळं. मलाही सांगितलं होतं, असंही मी म्हणाले. साहेब मला म्हणाले, "तुम्ही यांच्या मैत्रीण. तुम्ही म्हणणारच." तरी खाकीतल्याला त्यांनी शेजारी विचारायला धाडलं. तो जाऊन आला. मागोमाग खैरनारबाई आणि आणखी दोघी ओट्यापर्यंत आल्या. खैरनारबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "आम्हांला नाही बाई कुठला पासवर्ड माहीत," त्या म्हणाल्या. "आम्हांला परडी मिळाली फक्त." दुसऱ्या दोघींनी माना डोलावल्या. त्यांचा राग यावा अशी ती वेळ होती, पण मला आला नाही. प्रत्येकीच्या घरात पोरं होती, दारात जीप होती. वहिनी एरवी ज्या भीतीनं जगत तीच भीती त्या दुपारी गल्लीतल्या प्रत्येक घरात शिरली होती.

त्या परत गेल्या. साहेब उठले. नदीमही उठला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "साहेब, मी हे कुलूप बदलू का? बदललं म्हंजे कळंल, कोनाकोनाकडं किल्ली व्हती."

साहेब नाही म्हणणार होते, पण चष्मेवाल्यानं त्यांच्याकडे बघून मान हलवली. "करू द्या सर. मी समोर बसतो."

वहिनींनी दाराशी जाऊन रबरी चपला घातल्या आणि कॉम्प्युटरसमोर बसल्या. आकडे टाकले. पान उघडलं. मी वाचायला पुढं झाले तर त्यांनी मला हातानं थांबवलं, त्यांना पाठ होतं. वायरलेस, मग सिक्युरिटी. जुना शब्द पुसला. नवा शब्द टाकायला त्यांना फार वेळ लागला, प्रत्येक अक्षराला बोट हवेत थांबे. पडद्यावर नुसते ठिपके उमटत होते. शेवटचं बटण दाबताना त्यांनी डोळे मिटले.

काही झालं नाही. पंखा फिरत होता. नदीम उभाच होता. साहेबांनी घड्याळ बघितलं. वहिनींचे ओठ हलत होते, त्या कुठल्या देवाला काय सांगत होत्या कोण जाणे. मला वाटलं, झालं, संपलं, पोराला नेणार.

तेवढ्यात खैरनारांच्या गॅलरीतून पिंकीचा आवाज आला. आईनं तिला काही सांगितलेलं नसावं, ती वर अभ्यासाच्या सुट्टीत गाणी ऐकत पडलेली. "काकूऽ, तुमचं नेट गेलं का हो?"

मग समोरच्या घरातून एक मुलगा ओट्यावर आला. "विधातेकाकू, नेट बंद आहे का?" मग टोकाच्या घरातून कुणीतरी. मग आणखी एक जण हातात लॅपटॉप तसाच धरून फाटकाशी आला आणि खाकीतल्याला बघून जागच्या जागी थिजला. भर उन्हात गल्लीतली दारं उघडत होती आणि प्रत्येक दारातून वहिनींना हाका येत होत्या. खैरनारबाईंनी गॅलरीत जाऊन पिंकीच्या तोंडावर हात ठेवला, पण तोवर सगळं ऐकून झालं होतं.

चष्मेवाला हसला नाही, पण त्यानं चष्मा काढून पुसला. साहेबांनी खिडकीतून दारादारांतली पोरं मोजली. मग नदीमला म्हणाले, "बस खाली."

वहिनी तिथंच खुर्चीवर रडायला लागल्या. सुटका झाली म्हणून नाही. मला म्हणाल्या, "नलूताई, मी सगळ्यांची लेकरं दावून दिली हो."

पुढचं थोडक्यात सांगते. नदीमला त्यांनी नेलं नाही, लॅपटॉप नेला आणि चार दिवसांनी परत दिला. गल्लीतल्या प्रत्येक घरात विचारपूस झाली. मेल धाडणारा निघाला आमच्याच गल्लीतला, नववीतला, गणिताचा पेपर टळावा म्हणून केलेला उद्योग. त्याचं नाव मी लिहीत नाही, आज तो कामाधंद्याला लागला आहे. शाळेनं मोठेपणा दाखवला आणि समज देऊन प्रकरण मिटलं. ते मिटेपर्यंत वहिनींना झोप नव्हती. आधी त्या नदीमसाठी घाबरत होत्या, आता त्या पोरासाठी. त्याच्या घरी त्यांनी डबा पाठवला, तो तसाच परत आला.

नदीमचे वडील मालेगावहून एसटीनं आले. यंत्रमागावर काम करणारा वाकलेला माणूस. त्यांनी वहिनींपुढे हात जोडले आणि म्हणाले, "बहनजी, आपने बहुत किया. लेकिन अब मुझे नींद नहीं आएगी." ते मुलाला घेऊन गेले. हॉस्टेलात ठेवतील की कॉलेजच सोडवतील, ते त्यांचं त्यांनाही ठरलेलं दिसत नव्हतं. वहिनींनी राहा असा आग्रह केला नाही. भीतीपुढे आग्रह चालत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? जिन्यात नदीम वाकून पाया पडला तेव्हा त्यांनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. तो रडत हसला.

पुढच्या संक्रांतीला गच्चीवर मांडव नव्हता. मी, त्यांची एक जाऊ आणि मळ्यात कामाला येणाऱ्या बायका, एवढ्याच होतो. खैरनारबाई दिसल्या की मान वळवत. ज्या नाराजीला वहिनी जन्मभर घाबरल्या ती समोरच्या दारात येऊन बसली, आणि गंमत म्हणजे त्या तिच्यासकट जगल्या. मी त्यांना विचारलं एकदा, की आता लोकांचं काही वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "वाटतं की. लय वाटतं. पन ते आता रोजचंच झालं."

मग आम्ही इंदिरानगरला घर घेतलं आणि गल्ली सुटली. शेवटचं त्यांच्याकडे गेले ते दोनेक वर्षांनी, बरोबर माझी लेक मीनल. तिला कॉलेजच्या प्रवेशाची यादी बघायची होती, लॅपटॉप बरोबरच होता. तिनं तो उघडला, पडद्यावर वायरलेसच्या नावांत विधात्यांचं नाव दिसलं, शेजारी कुलपाची खूण. "काकू, पासवर्ड काय?"

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. "नाय सांगनार, बाळा," त्या म्हणाल्या. "रागावू नको. तू त्या कॉम्प्युटरवर बस, वायरचं हाय त्याच्यावर. पन ते नाय."

कुणी काही मागितल्यावर वहिनींच्या तोंडून "नाय" मी पहिल्यांदाच ऐकत होते. मीनल मुकाट्यानं कॉम्प्युटरवर जाऊन बसली. सचिननं मधे नवी पेटी बसवली होती, जास्त लांब जाणारी, आणि पासवर्डही बदलू म्हणत होता. वहिनींनी बदलू दिला नव्हता. "त्या दिवशी टाकला त्योच हाय," त्या मला म्हणाल्या. "मला म्हाईत, आन् नदीमला म्हाईत. कधी आला तर दारात उभं राहून कुनाला इचारायला नको लागायला." पेटी आता हॉलमध्ये नव्हती. वरच्या खोलीत, खिडकीत ठेवली होती. खोली रिकामीच होती, त्यांनी ती पुन्हा भाड्यानं दिली नव्हती.

"आला का कधी?"

"नाय."

निघताना त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. आदल्या आठवड्यात पुन्हा एका शहराचं नाव बातम्यांत आलं होतं, धरलेल्या मुलांची नावं पेपरात होती. वहिनींनी तो पेपर डब्यांच्या मागे घडी करून ठेवला होता. "सचिनला इचारलं तर त्यो वराडतो," त्या म्हणाल्या. "मला धीर नाय व्हत. तुम्ही सगळी नावं वाचा. नीट वाचा."

मी खिडकीशी जाऊन एकेक नाव वाचलं. मोठ्यानं वाचलं. वहिनी पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या. त्याचं नाव त्यात नव्हतं.

"बघितलं ना नीट? काय व्हनार तर नाय ना त्याला?"

"काही होत नाही," मी म्हणाले.

त्या आम्हांला सोडायला फाटकाबाहेर आल्या. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर मी मागे वळून बघितलं. त्यांनी आत जाऊन फाटकाला कुलूप लावलं, ते ओढलं, दोन पावलं गेल्या, परत आल्या. मग कुलपावरचा हात तसाच ठेवून वरच्या खिडकीकडे बघत उभ्या राहिल्या.